चिवटपणा म्हणजे सोशिकपणा नव्हे

पीएचडीच्या चौथ्या वर्षी शोधनिबंध दुसऱ्यांदा साभार परत आला, मार्गदर्शकांनी "मन घट्ट करा" एवढेच सांगितले आणि आता प्रयोगशाळेत जाण्याचीच धास्ती वाटते, असे तुम्ही खारघरहून लिहिले आहे. संशोधनातल्या बावीस वर्षांनंतर माझे मत असे झाले आहे की आपल्याकडे चिवटपणाच्या नावाखाली बहुधा सोशिकपणाच शिकवला जातो, आणि त्याने माणूस टिकत नाही, नुसता गप्प होतो.

एमआरएनए लशींचा पाया घालणाऱ्या शास्त्रज्ञ कातालिन कारिको यांचे उदाहरण तुम्ही ऐकले असेल. १९९५ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना खालच्या पदावर आणले आणि २०२३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. पण मधल्या काळात ड्र्यू वाइसमन यांच्यासारखा बरोबरीने काम करणारा सहकारी त्यांना लाभला, हे सहसा कोणी सांगत नाही. उलट डग्लस प्रॅशर यांनी १९९२ मध्ये हिरव्या चमकत्या प्रथिनाचे जनुक क्लोन केले, पुढे अनुदान थांबले, आणि त्याच प्रथिनावरील कामाला २००८ चे नोबेल जाहीर झाले तेव्हा ते अलाबामात एका मोटारविक्रेत्याकडे ग्राहकांची ने-आण करत होते. त्यांची जिद्द कमी पडली असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

माझे दीड वर्षाचे नमुने फ्रीझर बंद पडून एका रात्रीत गेले, तेव्हा शेजारच्या प्रयोगशाळेतली एक सहकारी माझ्याबरोबर बसली आणि कोणते नमुने पुन्हा तयार करता येतील याची यादी आम्ही केली. धीराच्या शब्दांपेक्षा त्या यादीने मला सावरले.

परीक्षकांचे अभिप्राय एकदा वाचून दोन दिवस बाजूला ठेवा. मग कोणत्या आक्षेपाला नवा प्रयोग हवा, कोणता नुसत्या फेरलेखनाने सुटेल आणि कुठे परीक्षकांचीच समजूत चुकली, हे कागदावर मांडा. मार्गदर्शक वेळ देत नसतील, तर ते संशोधन सल्लागार समितीपुढे लेखी मांडा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार दर सत्रात तिच्यापुढे जायचेच असते. ही तक्रारखोरी नव्हे. झोप उडाली असेल, तर मात्र समितीची वाट न पाहता टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर बोला. तिथे मराठीतही बोलता येते.

रविवारी सकाळी आम्ही तिघे-चौघे संशोधक ठाण्याला तलावपाळीवर भेटतो आणि त्या आठवड्यात काय फसले, ते प्रत्येकजण आधी सांगतो. पनवेल-ठाणे लोकलने या, आणि अभिप्रायांची छापील प्रत बरोबर आणा.