दहा हजार पावलं, जिन्कोच्या गोळ्या आणि ‘वय झालं की होतंच’

मेंदूसाठी व्यायाम कसा आणि किती, या विषयावर तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यातले पाच इथे घेतले आहेत.

वय ६८. रोज १०,००० पावलं होत नाहीत. मग मेंदूला उपयोग नाही का? (कोथरूड)

आहे. तो आकडा वैद्यकातला नाही. १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून तो आला. तुम्ही मिनिटं मोजा. आठवड्याला १५०, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतका वेग हवा. सारसबागेत कट्ट्यावर बसून झालेल्या गप्पा यात धरायच्या नाहीत.

सकाळऐवजी संध्याकाळी चाललं तर चालेल? (सहकारनगर)

चालेल.

रक्तदाबाची गोळी चालू आहे. कितीही भरभर चाललो तरी मनगटावरच्या घड्याळात ठोके वाढत नाहीत. (औंध)

गोळी मेटोप्रोलॉल किंवा अ‍ॅटेनोलॉलच्या जातीची असेल तर फारसे वाढणार नाहीतच, तिचं कामच ते आहे. घड्याळाला खूश करण्यासाठी गोळी चुकवू नका. वरची बोलण्याची कसोटी वापरा. चालताना छाती जड झाली, घेरी आली, तर तिथेच थांबा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

व्यायाम जमत नाही. त्याऐवजी जिन्कोच्या गोळ्या घेऊ का? जाहिरातीत ‘स्मरणशक्तीसाठी’ असं लिहिलंय. (हडपसर)

जाहिरातीत काहीही लिहितात. अमेरिकेत पंचाहत्तरीपुढच्या ३,००० हून अधिक लोकांना वर्षानुवर्षं रोज दोनदा १२० मिलिग्रॅम जिन्को (एका झाडाच्या पानांचा अर्क) किंवा खोटी गोळी देऊन पाहिली. २००८ मध्ये निकाल आला: स्मृतिभ्रंश टळला नाही. अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर रक्तस्रावाची भीती वेगळीच. डॉक्टरांना न विचारता घेऊ नका.

आई ७४ वर्षांची. आठ महिन्यांपासून तेच तेच विचारते, पेन्शनचा हिशेब चुकतो. सगळे म्हणतात, वय झालं की होतंच. रोज फिरायला नेतो. फरक पडायला किती महिने थांबावं? (सिंहगड रस्ता)

थांबू नका. आठ महिने आधीच गेले आहेत.

चालण्याचा उपयोग होतो, यात वाद नाही. २०११ च्या एका अभ्यासात १२० ज्येष्ठांपैकी निम्मे जण वर्षभर आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं चालले. त्यांच्या मेंदूतला आठवणी साठवणारा भाग सुमारे २ टक्के वाढला, नुसते अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांचा आक्रसला. पण त्यांतल्या कुणालाही स्मृतिभ्रंश नव्हता. लक्षणं दिसू लागल्यावर चालणं तपासणीची जागा घेत नाही.

भाजीत मीठ राहून जाणं वेगळं आणि चाळीस वर्षं केलेल्या पुरणाची कृती मध्येच अडणं वेगळं. दुसरं ‘होतंच’ मध्ये मोडत नाही. विसरण्याची काही कारणं बरी होणारी असतात: बी-१२ ची कमतरता (शाकाहारी आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत विशेष), थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या किंवा अ‍ॅलर्जीच्या गोळ्या. काही आठवड्यांपूर्वी पडल्या असतील तर कवटीच्या आत हळूहळू रक्त साचलेलं असू शकतं. त्यासाठी डोक्याचं स्कॅन लागतं. पाय जमिनीला चिकटल्यासारखे पडत असतील आणि लघवीही आवरत नसेल, तर मेंदूत पाणी साचलंय का तेही बघावं लागतं. ऐकू कमी येतं का, हे तर कुणी विचारतच नाही.

शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून बी-१२ ची इंजेक्शनं आधीच देऊ नका, मग रक्तातला आकडा चांगला दिसतो आणि निदान हुकतं. डॉक्टरांकडे जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिकसुद्धा. दिवसभर आईबरोबर घरात असणारी व्यक्ती सोबत हवी, फक्त गाडी चालवणारा मुलगा नको. आधी नेहमीचे डॉक्टर, मग त्यांच्या चिठ्ठीने मेंदूविकारतज्ज्ञ. याच आठवड्यात.

आणि हो, फिरणं चालू ठेवा, फक्त त्यांना एकटं पाठवू नका.