वाचकांचे प्रश्न : टीका कोणाची ऐकावी आणि किती?

प्रश्न : आमच्या मंडळीतर्फे (चर्चतर्फे) मी शेजारच्या वस्तीतील मुलांसाठी संध्याकाळी विनामूल्य अभ्यासवर्ग चालवते. वर्गाच्या शेवटी लहानशी प्रार्थना होते. अभ्यासाच्या नावाखाली मुलांना बाटवण्याचा हा डाव आहे, असे वस्तीतील काही जण म्हणतात. तर वर्गासाठी जमलेल्या पैशांचे काय होते, अशी कुजबुज मंडळीतच चालते. पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) म्हणतात, 'सेवेत छळ व्हायचाच, दुर्लक्ष करा.' मन अगदी खचले आहे. सेवा सोडावी का?
– एक भगिनी, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : सेवा सोडू नये, हे आधीच सांगतो. पाळकसाहेबांचा सल्ला मात्र निम्माच बरोबर आहे. प्रत्येक टीकेला छळ म्हटले की आपल्याला काहीच बदलावे लागत नाही, आणि म्हणूनच हा सल्ला आपल्या लोकांत इतका लोकप्रिय आहे.

बायबलमधील नहेम्याच्या पुस्तकाचे चौथे, पाचवे आणि सहावे अध्याय सलग वाचावेत. नहेम्या यरुशलेमेचा पडलेला तट पुन्हा बांधत होता, आणि तोबीया व सनबल्लट हे त्याचे विरोधक होते. तटावर कोल्हा चढला तरी तो ढासळेल अशी तोबीयाने टवाळी केली, सनबल्लटाने ओनोच्या मैदानातील एका गावी भेटायला चार वेळा बोलावणे धाडले. पण नहेम्या काम टाकून खाली उतरला नाही. एवढी गोष्ट आपण प्रवचनांतून पुष्कळदा ऐकतो. या दोन प्रसंगांच्या मधला पाचवा अध्याय मात्र सहसा वगळला जातो. त्यात यहुदी गरिबांनीच, आपल्याच भाऊबंदांनी व्याजापायी आमची शेते गिळली, अशी ओरड केली. तेव्हा नहेम्याने त्यांना विरोधक ठरवले नाही. त्याने मनाशी विचार केला, सभा बोलावली आणि सरदारांकडून शेते परत करण्याची शपथ घेतली. सनबल्लटाला काम बंद पडायला हवे होते, गरिबांना आपल्यावरचा अन्याय दूर व्हायला हवा होता; तुमच्यापुढे आलेल्या तक्रारी याच कसोटीवर निवडाव्यात.

वस्तीतील आक्षेपाच्या बाबतीत ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंचे उदाहरण आठवते. 1889 साली मुंबईत सुरू झालेले आणि पुढल्याच वर्षी पुण्यास हलवलेले शारदा सदन, म्हणजे विधवा व मुलींसाठीची त्यांची निवासी शाळा, धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे ठरलेले होते. रमाबाई स्वतःची प्रार्थना दार उघडे ठेवून करीत आणि मुली आपण होऊन तेथे येऊन बसत. यावरून वादळ उठले. 1893 साली रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी दार लावले नाही, सदनही बंद केले नाही, आणि पुढे केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले. (इंग्लंडमधल्या ज्या धर्मभगिनींकडे (नन) राहून त्या ख्रिस्ती झाल्या, त्यांच्याशीही त्यांनी धर्ममतांवरून पत्रांतून बराच वाद घातला होता, त्यामुळे दोन्हीकडून बोल ऐकण्याची त्यांना सवय होती.) तरीही माझे मत असे की सल्लागारांचा आक्षेप निव्वळ आकसाचा नव्हता. विश्वासाने मुलगी सोपवणाऱ्या पालकाला तेथे काय चालते हे आधी स्पष्ट कळण्याचा हक्क असतोच.

तुम्ही पालकांचा हा हक्क जपावा. अभ्यास संपला हे मुलांना सांगावे, मग थोडा वेळ जाऊ द्यावा आणि नंतर प्रार्थना ठेवावी. ज्यांच्या पालकांची इच्छा नाही, ती मुले खुशाल घरी जातील. दुसऱ्या दिवशी त्यांच्याशी वागण्यात तसूभरही फरक पडू नये. हे पालकांना घरी जाऊन सांगावे. एवढे केल्यावरही कोणी आरोप करीत राहिला, तर त्याच्यामागे धावण्यात वेळ घालवू नये.

पैशांची कुजबुज तुम्हाला अधिक लागली असणार, कारण ती आपल्या माणसांची आहे. येथे प्रेषित पौलाकडे पाहावे. यरुशलेमेतील गरिबांसाठी गोळा केलेली वर्गणी त्याने एकट्याने हाताळली नाही. मंडळ्यांनी नेमलेला बंधू त्याने सोबत घेतला आणि या दानाविषयी कोणी आपल्याला दोष लावू नये म्हणून हे करतो, असे करिंथकरांना उघड लिहिले (2 करिंथ 8:19-21). प्रेषिताला जे कमीपणाचे वाटले नाही, ते आपल्याला का वाटावे? कुजबुज करणाऱ्यांपैकीच एकाला खजिनदार व्हायची विनंती करावी. बहुधा तो नकार देईल, पण विनंती केल्याचे सगळ्यांना कळेल. आणि हिशेबाची वही घेऊन मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीच्या पुढच्या सभेला स्वतःहून जावे, बोलावण्याची वाट पाहू नये.