घरात इन्व्हर्टर असताना कॉम्प्युटरला (आय-फाईव्ह, ग्राफिक कार्ड असलेला) वेगळा यूपीएस लागतो का? घ्यायचाच तर 600 व्हीएचा पुरेल का?

लागतो. आणि हा प्रश्न तुम्हाला पडलाय म्हणजे तुमच्याही घरात "इन्व्हर्टर हाय की, परत पैसे कशाला घालवताय?" म्हणणारं कुणीतरी आहे. आमच्याकडे ते माझे धाकटे दीर. भावजींचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. वीस वर्षं तांब्याची तार गुंडाळतायत, त्यामुळं विजेच्या बाबतीत घरात शेवटचा शब्द त्यांचा. मी घरी बसून फौंड्रीवाल्यांना पॅटर्नची (साच्यासाठीच्या नमुन्याची) ड्रॉइंग करून देते. कॉम्प्युटर माझा, काम माझं, शब्द मात्र त्यांचा.

जुलैतला रविवार होता, बाहेर धो धो पाऊस. सोमवारी उद्यमनगर बंद असतं, म्हणून रविवारी रात्री काम संपवायचं आणि सोमवारी उशिरापर्यंत झोपायचं ही माझी जुनी रीत. पंपाच्या केसिंगचं मॉडेल होतं. बीड (ओतीव लोखंड) ओतायचं, म्हणून आटण्यासाठी टक्काभर मापं वाढवलेली, आतल्या पोकळीचा कोअर वेगळा काढलेला, सगळं झालेलं. पावणेबाराला सेव्ह दाबलं आणि त्याच क्षणी लाईट गेली. पंखा फिरतच होता. ट्यूब जरा लवली आणि सावरली. कॉम्प्युटर तेवढा बंद पडून आपोआप परत चालू झाला. फाईल उघडेना. आधीची कॉपी दुपारी तीनची.

सकाळी चहाला भावजी आले. म्हणाले, "वहिनी, आपला इन्व्हर्टर साईनवेव्ह हाय. लाईट गेल्याली पंख्यालासुदिक कळत न्हाई. तुमचा कॉम्प्युटरच डबडा झालाय."

साईनवेव्ह म्हणजे लाईनच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा. पंख्याला कळत नाही हे खरंच आहे. पंखा एकदा फिरायला लागला की अर्धा सेकंद करंट तोडला तरी त्याला काय फरक पडतोय? कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) थोडी वीज साठवणारा जो कॅपॅसिटर असतो तो पूर्ण लोडवर जेमतेम 16-17 मिलिसेकंद दम धरतो. आमचा इन्व्हर्टर बॅटरीवर यायला त्याच्या दुप्पट वेळ घेत होता. त्या मधल्या फटीत माझे जवळजवळ नऊ तास गेले. हे भावजींना समजावून सांगितलं तर म्हणाले, "मिलिसेकंद म्हंजे किती त्ये दाखवा की." मी म्हटलं, "थांबा, दाखवतो." (आमच्याकडे बायका असंच बोलतात, लिहिताना तेवढं सुधारतो.) दाखवायला काहीच नव्हतं, हा भाग वेगळा.

मग त्यांना न विचारता जाऊन 600 व्हीएचा घेऊन आले. दुकानदार म्हणाला, "अर्धा तास आरामात चालतंय मॅडम." चालत नाही. खोक्यावर मोठ्या आकड्यात व्हीए (व्होल्ट-अँपिअर) लिहिलेलं असतं, वॅट बारीक अक्षरात कुठंतरी कोपऱ्यात. 600 व्हीए म्हणजे साधारण 360 वॅट. आत 12 व्होल्ट 7 अँपिअर-तासाची एकच बॅटरी. कागदावर 84 वॅट-तास, पण इतक्या जोरात उपसल्यावर ती तेवढं देत नाही. 200 वॅट लोडला नवी असताना दहाएक मिनिटं धरा. तेवढी सेव्ह करून बंद करायला भरपूर झाली. यूपीएस काम करत बसण्यासाठी नसतोच मुळी.

तर दोन वर्षं त्यानं चांगली साथ दिली. मग मी ग्राफिक कार्ड घातलं, त्यासाठी एसएमपीएस नवीन घेतला, चांगला 80 प्लस गोल्डवाला, म्हणजे कमी वीज वाया घालवणारा. पुढच्या वेळी लाईट गेली तेव्हा यूपीएसनं एक लांबलचक कुई केलं आणि सगळं काळं. भावजी नेमके जेवायला आलेले. काही बोलले नाहीत, नुसता पंख्याकडं हात केला.

नंतर जे कळलं ते दुकानात कुणी सांगत नाही, म्हणून इथं सांगते. स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेल्यावर गुळगुळीत साईनवेव्ह देत नाही, पायऱ्यापायऱ्यांची देतो. जुन्या एसएमपीएसला त्याचं काही वाटत नाही. नवीन चांगल्या एसएमपीएसमध्ये अॅक्टिव्ह पीएफसी (करंट लाईनच्या लहरीबरोबर ओढणारं सर्किट) असतं, त्यातल्या काहींना त्या पायऱ्या झेपत नाहीत. अदलाबदलीच्या क्षणी ते एकदम जास्त करंट ओढतात, यूपीएसला वाटतं ओव्हरलोड झाला, तो हात वर करतो. ओळखायची खूण म्हणजे एसएमपीएसच्या मागे 115/230 चा लाल स्विच असला तर बहुधा जुन्या पद्धतीचा. स्विच नसला आणि 100-240 व्होल्ट असं छापलेलं असलं तर अॅक्टिव्ह पीएफसी धरून चाला. तुम्ही प्रश्नात आय-फाईव्ह आणि ग्राफिक कार्ड लिहिलंय, एसएमपीएस कुठला ते लिहिलेलं नाही. आधी ते बघा. 600 व्हीए की 1 केव्हीए (1000 व्हीए) हे त्यानंतर.

मी शेवटी 1 केव्हीएचा प्युअर साईनवेव्ह घेतला, लाईन-इंटरॅक्टिव्ह, म्हणजे लाईट असताना लाईनवर चालणारा आणि गेली की बॅटरीवर जाणारा. महाग पडला, पण अजून चालू आहे. ऑनलाईन यूपीएस, म्हणजे लाईट असतानाही सतत आपल्याच सर्किटमधून वीज देणारा, घरात घेऊ नका. दिवसभर पंख्याचा आवाज, खोली गरम, आणि मिळतं काय तर शून्य मिलिसेकंद. तो हॉस्पिटलवाल्यांना असू दे.

बॅटरीचं मात्र लक्षात ठेवा. दोन-तीन वर्षांनी ती जातेच, उन्हाळ्यात बंद कपाटात ठेवला तर त्याहून आधी. माझ्या त्या 600 वाल्याची बदलायला झाकण काढलं तर बॅटरी पुरीसारखी टम्म फुगलेली, पत्र्यात अशी रुतून बसलेली की बाहेरच येईना. लाल-काळ्या वायरीच्या चपट्या पिना ओढून काढल्या, एका पिनेवर हिरवट पावडर धरलेली. शेवटी भावजींनीच पाना घालून पत्रा वाकवला आणि ती काढली. वर म्हणाले, "ह्येच म्हणत हुतो मी." काय म्हणत होते ते मला आजतागायत कळलेलं नाही. पण यूपीएस बिनकामाचा म्हणणाऱ्या ह्याच माणसानं मार्च एंडला दुकानाची बिलं छापायला लेझर प्रिंटर आणला आणि माझ्या यूपीएसमध्येच खुपसला. लेझर प्रिंटर तापताना हजार वॅटच्या घरात ओढतो. पहिलं बिल बाहेर यायच्या आत यूपीएस बसला आणि बरोबर माझं ड्रॉइंगही. ह्यावेळी मी पंख्याकडं हात केला.

राऊटर यूपीएसला लावा, त्याला दहा वॅटही लागत नाहीत. अर्थिंग तपासून घ्या, पेठेतल्या जुन्या घरांत तिसऱ्या पिनेच्या मागे वायरच नसते बऱ्याचदा. पावसाळ्यात कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर यूपीएसला दोष देऊ नका. आणि तो जमिनीवर ठेवू नका, हे 2019 आणि 2021 च्या पुरानंतर कोल्हापूरकरांना सांगायला नको.

आता एक गोष्ट, जी खरं तर सुरुवातीलाच सांगायला हवी होती. गेल्या दिवाळीत साफसफाई करताना इन्व्हर्टर भिंतीपासून ओढला. मागे एक छोटा स्विच असतो, एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला ईको. यूपीएसवर असला की तो बॅटरीवर झटकन जातो, ईकोवर सावकाश. आमचा ईकोवर होता. यूपीएसवर केला, मेन स्विच पाडला, कॉम्प्युटर चालूच राहिला, यूपीएस न लावता. तीनदा करून बघितलं. म्हणजे साईनवेव्ह इन्व्हर्टर असेल आणि तो त्या मोडवर असेल तर बऱ्याच कॉम्प्युटरांना वेगळा यूपीएस न घेताही चालतं. तुम्ही पैसे घालायच्या आधी एवढं करून बघा. त्यातही एक आहेच. त्या मोडवर व्होल्टेज साधारण 180 च्या खाली गेलं की इन्व्हर्टर बॅटरीवर जातो. सकाळी नळाला पाणी आलं की आमच्या गल्लीत सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू होतात, तेव्हा तासभर बॅटरी फुकट उपसली जाते. भावजींनी ईकोवर ठेवला होता तो बहुतेक ह्याचसाठी.

त्यांना मी अजून विचारलेलं नाही. स्विच परत ईकोवर केला आणि इन्व्हर्टर भिंतीला लावून टाकला.