फ्लोटमधला काउंटर १,६७,७७,२१६ वर का अडकतो?

प्रश्न असा, की सी++ या प्रोग्रामिंग भाषेत फ्लोट (दशांश आकड्यांसाठीचा प्रकार) व्हेरिएबलमध्ये दर फेरीला १ मिळवत गेलात आणि आकडा १,६७,७७,२१६ च्या पुढे हलेचना. फ्लोटमध्ये तर ३८ शून्यांपर्यंतचे आकडे मावतात, मग हे काय?

कंपायलर (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) निर्दोष आहे. आकडा किती मोठा मावतो आणि किती अचूक मावतो, या दोन वेगळ्या गोष्टी. आयईईई ७५४ या दशांश आकडे साठवण्याच्या मानकातल्या ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये १ बिट चिन्हाला, ८ घातांकाला आणि खुद्द अंकांना उरतात २३. सुरुवातीचा, न साठवता गृहीत धरलेला १ धरून २४. तुमचा आकडा म्हणजे बरोबर २ चा २४ वा घात. तिथून पुढे शेजारच्या दोन फ्लोटमधलं अंतरच २ होतं. १,६७,७७,२१७ ला जागा नाही. तो अगदी मधोमध पडतो, आणि अशा वेळी शेवटचा बिट शून्य असलेल्याकडे झुकायचं असा नियम. म्हणून १ मिळवला की परत तिथेच. २ मिळवून बघा, गाडी हलेल.

(सी++ मधल्या एप्सिलॉन या स्थिरांकाबद्दलही असाच घोळ होतो. तो सर्वात लहान फ्लोट नव्हे. १ आणि त्याच्या लगेच पुढच्या फ्लोटमधलं अंतर, सुमारे ०.००००००११९.)

मोजायचंच असेल तर सरळ इंट (पूर्णांकांचा प्रकार) घ्या. डबलमध्ये (६४ बिटांच्या मोठ्या फ्लोटमध्ये) हीच भिंत ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ वर आहे. जावास्क्रिप्टचा साधा नंबर डबलच असतो, त्यामुळे लांबलचक आयडी तिथे स्ट्रिंग (मजकूर) म्हणूनच ठेवा. आमच्याकडे एकदा १८ अंकी ऑर्डर क्रमांकाचे शेवटचे दोन अंक बदलून आले. अर्धा दिवस आम्ही डेटाबेसला शिव्या घालत होतो.