टर्बोचे परतीचे तेल चेंबरमध्ये नेमके कुठे सोडावे?

प्रश्न : माझ्या जुन्या डिझेल जीपला गेल्या वर्षी गॅरेजमध्ये बाहेरून टर्बो (एक्झॉस्टच्या वायूने फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) बसवून घेतला. तेव्हापासून गाडी जागेवर चालू ठेवली, की पाच-सात मिनिटांत सायलेन्सरमधून निळसर धूर येऊ लागतो. घाट चढताना मात्र तो कमी होतो. टर्बोचे सील गेले असे सांगून मेकॅनिकने दुसरा टर्बो बसवला, पण महिन्याभरात पुन्हा तेच सुरू झाले. टर्बोचा परतीचा पाइप चेंबरला (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याला) ड्रेन प्लगच्या, म्हणजे तेल काढायच्या बुचाच्या, वर दोन बोटे जोडलेला आहे. दोष कशात असावा?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटून दुसऱ्या वाक्यातच बहुधा उत्तर आहे. ड्रेन प्लगच्या वर दोन बोटे म्हणजे पाइपाचे तोंड सदासर्वकाळ तेलात बुडालेले असणार, आणि तसे असेल तर तिसरा टर्बो बसवला तरी धूर थांबणार नाही.

टर्बोकडे जाणारे तेल इंजिनाच्या ऑइल पंपाच्या दाबाने बारीक नळीतून जाते. तिथे ते मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणाऱ्या शाफ्टच्या बेअरिंगमधून निघते आणि बाहेर पडताना त्याच्यात दाब उरलेला नसतो; उरतो तो फेस, घुसळलेल्या ताकावर येतो तसा. हा फेस निव्वळ स्वतःच्या वजनाने खाली उतरायचा असतो. जाणारी नळी पेन्सिलीहून बारीक आणि येणारा पाइप अंगठ्याएवढा का असतो, याचे कारण हेच. पाइपाचे तोंड तेलात असले, की पाइपात तेलाचा खांब उभा राहतो, क्रँककेसमधील (चेंबरच्या वरच्या, क्रँकशाफ्ट फिरतो त्या पोकळीतील) वायूचा दाब तो आणखी वर ढकलतो आणि हलका फेस त्याला भेदून खाली जाऊ शकत नाही. परिणामी टर्बोचा मधला भाग तेलाने तुंबतो.

आता सीलविषयी. टर्बोच्या शाफ्टवर रबरी ऑइल सील नसते, तर पिस्टन रिंगसारखी बारीक लोखंडी कडी असते. तिचे मुख्य काम एक्झॉस्टचा वायू आणि दाबाची हवा आत येऊ न देण्याचे असून, तेल खाली वाहून जात आहे हे गृहीत धरूनच ती बनवलेली असते. साचलेले तेल ती अडवू शकत नाही. इंजिन जागेवर चालू असताना एक्झॉस्टच्या बाजूला दाब नगण्य असल्यामुळे तुंबलेले तेल तिकडे झिरपते आणि जळून निळा धूर होतो, तर चढावर भार आला की तोच दाब तेलाला मागे रेटतो. जागेवर धूर आणि घाटात आराम ही आपली तक्रार या रोगाची ओळखीची खूण आहे.

खात्री करून घ्यायची असेल तर परतीचा पाइप चेंबरपासून सोडवावा, चेंबरचे तोंड लगेच बुचाने घट्ट बंद करावे (ते तेलाखाली असल्यामुळे बूच हाताशी ठेवूनच पाइप काढावा) आणि पाइपाचे मोकळे टोक खाली ठेवलेल्या स्वच्छ डब्यात सोडून इंजिन थोडा वेळ जागेवर चालवावे. डब्यात जमणारे तेल पुन्हा इंजिनात ओतत राहावे, पातळी खाली जाऊ देऊ नये. सायलेन्सरमध्ये आधीच साचलेले तेल जळेपर्यंत धूर येतच राहील, तेव्हा थोडा धीर धरावा. त्यानंतर धूर विरळ होत गेला तर टर्बो निर्दोष आहे.

नवी जागा ठरवण्यासाठी आधी तेलाची पातळी बाहेरून कळायला हवी, आणि त्याला गवंड्याच्या लेव्हल पाइपासारखी सोपी युक्ती नाही. गाडी सपाट जागी उभी करून डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत तेल भरावे, ड्रेन प्लगच्या जागी पारदर्शक नळी जोडून तिचे दुसरे टोक वर उघडे धरावे आणि तेलाची टोपी काढून ठेवावी. गार तेल जड असते, म्हणून अर्धा तास थांबावे. नळीत ते ज्या उंचीवर स्थिरावेल तिथे चेंबरवर खडूने रेघ ओढावी. पाइपाचे तोंड या रेघेच्या वर असले पाहिजे. रेघेला चिकटून नव्हे. मी तरी किमान दोन-तीन सेंटिमीटर सोडतो, आणि जीप तिरक्या उतारावर चालणार असेल तर त्याहून अधिक. मात्र उंचीच्या मागे लागून क्रँकशाफ्टच्या वजनांसमोर छिद्र पाडले, तर फिरणारा क्रँक तेल थेट पाइपाच्या तोंडावर उडवतो आणि वाट पुन्हा अडते. तेव्हा चेंबर काढून आत पाहिल्याशिवाय जागा नक्की करू नये.

पाइपाचा उतारही तितकाच महत्त्वाचा आहे. गॅरेट या टर्बो उत्पादक कंपनीची शिफारस अशी, की परतीची वाट उभ्या रेषेपासून 35 अंशांपेक्षा जास्त कलू नये. 5/8 इंची पाइप बहुतेक वेळा पुरतो, पण टर्बोच्या तोंडापेक्षा तो कुठेही अरुंद होता कामा नये, आणि मध्ये झोळ तर अजिबात नको, कारण झोळात साचलेले तेल बुचाचेच काम करते.

एवढे करूनही धूर राहिला तर ब्रीदर, म्हणजे क्रँककेसमधील वायू बाहेर सोडणारी नळी, पाहावी. पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या जुन्या इंजिनात ज्वलनाचा वायू खाली क्रँककेसमध्ये उतरतो, आणि ब्रीदर चोंदलेला असेल तर तो वायू वर जाण्यासाठी टर्बोचा परतीचा पाइपच धरतो. वास्तविक असे इंजिन दुरुस्त होईपर्यंत त्याला टर्बो लावणे मला पटत नाही. शिवाय जीप रस्त्यावर चालत असेल तर मोटार वाहन कायदा, 1988 मधील कलम 52 वाहनाच्या मूळ नोंदीशी विसंगत फेरबदलांना मनाई करते, हेही आपल्या कानावर घालतो.

प्रश्न : चेंबर न उतरवता, गाडीखाली झोपूनच छिद्र पाडून त्यात अर्धा इंची बीएसपी (पाइप जोडण्याच्या ठरावीक मापाचे) आटे पाडता येतील का? चेंबर काढायचा म्हणजे पुढचा अॅक्सल आड येतो.
— एक वाचक, सातारा

उत्तर : अॅक्सल आड येतो ही अडचण खरी आहे, तरी माझे उत्तर नाही असेच आहे. ड्रिलला आणि टॅपला ग्रीस फासले की कीस त्यालाच चिकटतो असे सांगतात, आणि बराचसा चिकटतोही. पण उरलेला आत पडतो. तेलाच्या जाळीतून निसटलेला बारीक कण ऑइल पंपाच्या गिअरमधून जातो, आणि पुढे त्याला फिल्टरने अडवले नाही तर बेअरिंगवर ओरखडा उठवतो.

आट्यांचा हिशेब तर याहून सरळ आहे. अर्धा इंची बीएसपीला एका इंचात 14 आटे असतात, म्हणजे एका आट्याला सुमारे 1.8 मिलिमीटर जाडी लागते. चेंबरचा पत्रा दीड मिलिमीटरचा असेल तर त्यात एक पुरता आटाही बसत नाही, मग त्यावर टेफ्लॉन टेप कितीही गुंडाळली तरी ती इंजिनाच्या थरथरीपुढे टिकणार नाही.

चेंबर उतरवावा आणि आधी त्याला चुंबक लावून पाहावे. चिकटला तर पोलाद आहे, त्यावर पोलादी बॉस (आटे पाडलेला जाड गोल तुकडा) वेल्ड करता येतो. न चिकटल्यास अॅल्युमिनियम समजून टिग वेल्डिंग करणारा कारागीर गाठावा. वेल्डिंगपूर्वी चेंबर आतून-बाहेरून तेलाचा थेंबही न राहील असा धुवावा, कारण तापल्यावर तेलाची वाफ पेट घेते आणि वेल्डमध्ये भोके राहतात ती वेगळीच. गॅस्केटची कड वाकू नये म्हणून चेंबर जाड लोखंडी प्लेटवर बोल्टने आवळून मगच आच द्यावी. थंड झाल्यावर वेल्डला बाहेरून चुन्याचा पातळ हात द्यावा, तो वाळला की आतून रॉकेल किंवा डिझेल लावून ठेवावे. तासाभरात चुन्यावर ओला डाग उमटला तर तिथे छिद्र आहे.

वेल्डिंगची सोय नसेल तर दोन्ही बाजूंनी नटाने आवळला जाणारा बल्कहेड फिटिंग, ओ-रिंगसह, सपाट पत्र्यावर चांगला बसतो. आतल्या नटासाठी चेंबर काढावाच लागतो, हे सांगायला नको.

प्रश्न : परतीच्या पाइपासाठी रेडिएटरचा होज चालेल का?
— एक वाचक, पणजी

उत्तर : चालणार नाही. तो होज बहुधा ईपीडीएम रबराचा असतो. गरम पाणी तो वर्षानुवर्षे सोसतो, पण तेलात फुगतो, मऊ पडतो आणि आतून पापुद्रे सोडतो. साधा सिलिकॉन होजही तेलासाठी नाही. तेलासाठीचा नायट्राइल होज सुमारे 100 अंश सेल्सियसपर्यंत ठीक असला, तरी टर्बोजवळ फ्लुओरो रबराचा, म्हणजे ज्याला दुकानदार व्हायटॉन म्हणतात तो घ्यावा. तो 200 अंशांच्या आसपास टिकतो. मी वरचा आणि खालचा भाग लोखंडी पाइपाचा ठेवून मध्ये थरथर झेलण्यापुरता वीतभर होज घालतो, आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या बाजूला उष्णतारोधक स्लीव्ह चढवतो.