ग्रंथालयाच्या ‘संशोधन साधने’ कार्यशाळेला जावं का? गुगल स्कॉलर पुरत नाही का?

तुम्ही ठाण्यात राहता, नवी मुंबईतल्या कॉलेजातून एम.ए. करता, डिसर्टेशनचा विषय ठाणे खाडीकाठचे मासेमार कोळी. ग्रंथालयानं दोन तासांची कार्यशाळा ठेवली आहे आणि गुगल स्कॉलर हाताशी असताना तिथे वेगळं काय मिळणार, असं तुम्ही विचारलंय.

जा, पण शोध अर्धा करून जा. या कार्यशाळांत डेटाबेसची ओळख करून देतात. तुमचे शोधशब्द तुमच्याऐवजी कोणी ठरवून देत नाही, आणि काम अडतं ते नेमकं तिथे.

घरी एक पान घ्या आणि विषयाचे तीन तुकडे पाडा: जागा, माणसं, घडामोड. प्रत्येक तुकड्याखाली त्याच अर्थाचे सगळे शब्द लिहा. जागेच्या रकान्यात इंग्रजी स्पेलिंगची दोन रूपं लागतील, आजचं ‘ठाणे’ आणि जुन्या कागदांतलं ‘ठाना’. 1882 चं ब्रिटिश गॅझेटियर (तेरावा खंड, दोन भाग) ‘ठाना’ याच नावानं आहे. ‘नवी मुंबई’ शोधलंत आणि ‘न्यू बॉम्बे’ सोडलंत, तर सिडकोच्या पहिल्या वीसेक वर्षांवरचं बरंच लेखन हातून जातं. गावांचंही तसंच. दिवाळे, करावे, सारसोळे, चेंदणी यांची रोमन स्पेलिंगं लेखकागणिक बदलतात, म्हणून तीन-तीन रूपं लिहून ठेवा.

माणसांच्या रकान्यात एक मोठा खड्डा आहे. नुसतं ‘कोळी’ टाकलं की महादेव कोळी या डोंगराळ भागातल्या आदिवासी समाजावरचे लेख आणि गुजरातमधल्या कोळ्यांवरचे लेख ढिगानं येतात. ते गाळायला ‘नॉट’ वापरण्याचा मोह होतो, तो टाळा. दोन्ही समाजांची तुलना करणारा चांगला लेखही त्या एका शब्दामुळे गळून पडतो. त्याऐवजी ‘ॲण्ड’ लावून मासेमारीचा शब्द जोडा. एका रकान्यातले शब्द ‘ऑर’नं जोडून कंसात घाला आणि तिन्ही कंस ‘ॲण्ड’नं जोडा. दोन शब्दांची नावं अवतरणचिन्हांत हवीत, नाहीतर ‘ठाणे’ एकीकडे आणि ‘खाडी’ दुसरीकडे असलेले लेख येतात. शब्दाच्या शेवटी तारांकन (*) लावून सगळी रूपं पकडण्याची सोय स्कोपससारख्या डेटाबेसांत आहे. गुगल स्कॉलरमध्ये ती चालत नाही, तिथे एकवचन-अनेकवचन वेगळं लिहा.

हे पान घेऊन गेलात की कार्यशाळेत तुमचा प्रश्न नेमका असेल: ‘हा शोध स्कोपसमध्ये कसा लिहायचा?’ त्याचं उत्तर ग्रंथपाल पाच मिनिटांत समोर करून दाखवतात.

दुसरं, तुमच्या कॉलेजला नक्की काय खुलं आहे ते आधीच विचारून ठेवा. अनुदानित कॉलेजांत बहुधा एन-लिस्ट असतं, म्हणजे इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्रानं कॉलेजांना खुली करून दिलेली ई-नियतकालिकं आणि ई-पुस्तकं. त्याचं खातं ग्रंथपाल तुमच्या नावानं उघडून देतात आणि पासवर्ड ईमेलवर येतो, म्हणून स्पॅमही बघा. नियतकालिकं देशभर एकत्र खुली करणारं केंद्र सरकारचं ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ 1 जानेवारी 2025 पासून सुरू झालं. त्यात 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिकं आहेत, पण पहिल्या टप्प्यात ते सरकारी संस्थांपुरतं आहे. नवी मुंबईतली खासगी आणि अभिमत विद्यापीठं आपापले डेटाबेस स्वतः विकत घेतात. त्यामुळे मैत्रिणीच्या विद्यापीठात जे उघडतं ते तुमच्याकडे उघडेलच असं नाही.

घरून लॉगिन होतं का, हे सुट्टी लागण्याआधी तपासा. नेहमीची चूक अशी की विद्यार्थी थेट प्रकाशकाच्या साइटवर जातात, तिथे डॉलरमधली किंमत दिसते आणि ‘आपल्याकडे हे नाही’ म्हणून सोडून देतात. आधी संस्थेच्या लॉगिनमधून आत जायचं, मग लेख शोधायचा. तरीही उघडला नाही तर गुगल स्कॉलरमध्ये त्या लेखाखालचं ‘ऑल व्हर्जन्स’ बघा. लेखकानं आपल्या संस्थेच्या संग्रहात ठेवलेली मोफत प्रत पुष्कळदा तिथे सापडते.

तुमच्या विषयासाठी शोधगंगा सगळ्यात मोलाचं आहे, कारण भारतीय विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध तिथे मोफत वाचता येतात. प्रबंध प्रकरणाप्रकरणानं वेगळ्या पीडीएफमध्ये असतो. पहिलं प्रकरण उघडण्याऐवजी संदर्भसूचीची फाइल उघडा. खाडीवर काम केलेल्या माणसानं चार-पाच वर्षं जमवलेली यादी तुम्हाला तिथे आयती मिळते. मराठी प्रबंध शोधताना मात्र दोनदा शोधा, शीर्षक देवनागरीत टाकून आणि रोमनमध्ये टाकून, कारण नोंद कुठल्या लिपीत केली याला एकच नियम नाही. आतला मजकूर शोधायला गेलात तर बऱ्याचदा काहीच सापडत नाही. जुने प्रबंध स्कॅन केलेले असतात किंवा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेले असतात. डोळ्यांना मराठी दिसतं, संगणकाला भलतीच अक्षरं. तिथे अनुक्रमणिका वाचण्याला पर्याय नाही. युनिकोडमध्येही ‘ॲ’ दोन तऱ्हांनी टाइप होतो, त्यामुळे ‘ॲक्ट’सारखा शब्द एका तऱ्हेनं सापडतो आणि दुसरीनं नाही.

मत्स्यव्यवसायावरचे प्रबंध शोधगंगेवर दिसले नाहीत म्हणून ते नाहीतच असं समजू नका. कृषी विद्यापीठांचे प्रबंध कृषिकोश या वेगळ्या ऑनलाइन संग्रहावर असतात, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचेही तिथेच शोधा. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या खुल्या संग्रहात मच्छीमार गणनांचे अहवाल आहेत.

आता आकड्यांबद्दल, कारण इथे चांगले विद्यार्थीही घसरतात. 1 ऑगस्ट 2014 ला ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला. त्याआधीच्या ‘ठाणे जिल्हा’ आकड्यांत डहाणू, सातपाटी, वसईचा सगळा किनारा मोजलेला आहे. 2010 चा आणि 2014 नंतरचा आकडा शेजारी ठेवून ‘ठाण्यातले मच्छीमार घटले’ असं लिहिलंत तर ती घट निव्वळ नकाशावरची असेल. नवी मुंबईचंही जपा. महापालिकेची हद्द ठाणे जिल्ह्यात आहे, तर सिडकोच्या नवी मुंबईतले पनवेल आणि उरण रायगडमध्ये आहेत. तक्त्याखाली कोणती हद्द धरली ते एका ओळीत लिहा.

संदर्भ सांभाळायला झोटेरो हे सॉफ्टवेअर वापरा, ते मोफत आहे. कार्यशाळेला स्वतःचा लॅपटॉप न्या आणि झोटेरो व त्याचा ब्राउझर कनेक्टर (वेबपानावरून संदर्भ थेट झोटेरोत घेणारी जोडणी) घरीच टाकून जा, कारण कॉलेजच्या संगणकांवर काही इन्स्टॉल करू देत नाहीत. वर्डचं प्लगइन बसवताना वर्ड बंद असू द्या. झोटेरोची मूळ डेटा फोल्डर गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हमध्ये कधीही ठेवू नका, डेटाबेस बिघडतो. झोटेरोची ऑनलाइन मोफत जागा 300 एमबी असते आणि पीडीएफ साठवल्या की ती लवकर भरते. ती भरली तर फाइलींचं सिंक बंद करा, नोंदींच्या सिंकला ही मर्यादा नाही. शोधगंगेची पीडीएफ नुसती ओढून टाकली तर तपशील आपोआप येतीलच असा भरवसा नाही. प्रकार ‘थीसिस’ निवडून विद्यापीठ आणि वर्ष हातानं भरा. महामंडळ किंवा संस्था लेखक असेल तर नावाचा रकाना एकेरी करा, नाहीतर संस्थेच्या नावाचे आडनाव आणि नाव असे दोन तुकडे पडतात.

साम्य तपासणीची (मजकूर दुसरीकडून उचललेला आहे का हे सॉफ्टवेअरनं बघण्याची) कार्यशाळा वेगळी असेल तर तीही करा. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ धरलं आहे. 10 ते 40 मध्ये सुधारून पुन्हा द्यावं लागतं, 40 ते 60 मध्ये एक वर्ष सादर करता येत नाही आणि 60 च्या वर नोंदणी रद्द होते. संदर्भसूची आणि श्रेय देऊन केलेली उद्धृतं मोजणीत धरत नाहीत. मसुदा तपासायला देताना तो सॉफ्टवेअरच्या संग्रहात साठवू नका असं ग्रंथपालांना आवर्जून सांगा. साठवला गेला तर अंतिम प्रत तुमच्याच मसुद्याशी जुळते आणि टक्का भलताच वर जातो.

छापील साहित्यासाठी ठाण्यातच मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, 1893 पासूनचं. मुंबई विद्यापीठाचं जवाहरलाल नेहरू ग्रंथालय कलिन्याला आहे. जाण्याआधी फोन करा आणि मार्गदर्शकांचं पत्र व ओळखपत्र जवळ ठेवा. जुन्या मराठी पुस्तकांची सूची किंवा स्कॅन धुंडाळताना जुनं शुद्धलेखनही टाकून बघा: ‘काही’बरोबर ‘कांहीं’, ‘खाडीत’बरोबर ‘खाडींत’. 1962 च्या नियमांनी हे अनुस्वार गेले, पण त्याआधीची पुस्तकं त्यांच्यासकटच छापलेली आहेत.