कुलूप घराला लावता येतं, धास्तीचं काय?

तुम्ही लिहिलंय की मागच्या गल्लीत घरफोडी झाल्यापासून झोप उडाली आहे, आईचं संध्याकाळचं फिरणं बंद केलंय, मुलीला क्लासहून आणायला रोज कुणीतरी जातं आणि आता कॅमेरे बसवायचे की घरच बदलायचं यावर घरात खल चालू आहे. रहिवाशांच्या समितीत बरीच वर्षं आहे, प्रत्येक घरफोडीनंतर हाच विषय निघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक सांगतो, तुमचं घाबरणं उगाच नाही. घरफोडीनंतर महिना-दोन महिने ते घर आणि आसपासची घरं यांना धोका एरवीपेक्षा खरंच जास्त असतो, हे बऱ्याच देशांतल्या नोंदींमधून दिसलंय. चोराला निसटायची वाट कळलेली असते, शेजारची घरं बहुधा एकाच आराखड्याची असतात आणि कडी-कोयंडेही तेच असतात. इंग्लंडमध्ये रॉचडेलजवळच्या कर्कहोल्ट वसाहतीत १९८० च्या दशकात याच निरीक्षणावर काम झालं. अख्ख्या वसाहतीवर पहारा बसवण्याऐवजी ज्यांच्याकडे चोरी झाली त्यांचं घर आधी पक्कं केलं आणि लगतच्या पाच-सहा घरांना लक्ष ठेवायला सांगितलं. त्या घरांत नाणी टाकून चालणारे मीटर होते आणि चोर त्यातली रोकड पळवायचे, म्हणून तेही काढून टाकले. घरफोड्या चांगल्याच घटल्या.

तेव्हा हे पहिले काही आठवडे दाराला दुसरं चांगलं कुलूप, खिडक्यांना आतून खटके, बाहेर जाताना आत एखादा दिवा चालू आणि शेजारच्या दोन घरांशी बोलणं एवढं नक्की करा. फार काही लागत नाही. कितीतरी चोऱ्या उघड्या राहिलेल्या खिडकीतून किंवा नुसत्या ओढून घेतलेल्या दारातून होतात.

पण एवढं करूनही धास्ती जाईलच असं नाही. चोरी कमी होणं आणि भीती कमी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि समितीच्या बैठकांत नेमकी इथेच गल्लत होते. अमेरिकेत कॅन्सस सिटीमध्ये १९७२-७३ साली काही भागांतली पोलिसांची गाडीतून होणारी गस्त बंद केली, काही भागांत ती दुप्पट-तिप्पट केली. गुन्ह्यांत लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही आणि लोकांच्या भीतीतही नाही. नंतर न्यूअर्क शहरात पायी गस्तीचा प्रयोग झाला, त्याचा अहवाल १९८१ चा आहे. तिथेही गुन्हे घटले नाहीत, पण लोकांना सुरक्षित वाटू लागलं. गाडी भर्रकन निघून जाते. पायी फिरणारा शिपाई थांबतो, दारू पिऊन कोपऱ्यावर बसलेल्यांना हटकतो, दोन शब्द बोलतो. लोकांना रोज खुपत होतं ते हेच.

म्हणून तुम्हाला विचारतो, नेमकी भीती कसली वाटते? ‘एकूणच असुरक्षित वाटतं’ या उत्तराने पुढे जाता येत नाही. एका रात्री मुलगी येते त्याच वेळी, तिच्याच रस्त्याने, तिच्यासोबत चालून बघा आणि पाय कुठे आपोआप भरभर पडायला लागतात ते टिपून ठेवा. आमच्याकडे अशी एक जागा निघाली. तिथे खांब होता, दिवाही चालू होता, पण झाडाची फांदी इतकी वाढली होती की सगळा उजेड पानांवरच पडायचा आणि खाली मिट्ट काळोख. पुढच्या वळणावर उलटी तऱ्हा, प्रखर झोत थेट डोळ्यांत, त्यामुळे समोरून येणाऱ्याचा चेहराच दिसायचा नाही. फांदी छाटली, झोताचं तोंड खाली वळवलं. समितीने वर्षभर चालवलेल्या कॅमेऱ्यांच्या चर्चेपेक्षा या दोन कामांचा जास्त उपयोग झाला, असं माझं मत आहे. उजेडाने गुन्हेही घटू शकतात. न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली सार्वजनिक वसाहतींत चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडलेल्या जागी जादा दिवे लावले, तेव्हा रात्री घराबाहेर होणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी कमी झाले होते.

कॅमेऱ्यांबद्दल थोडक्यात: वाहनतळावर उपयोग चांगला, मारहाणीसारख्या गुन्ह्यांवर परिणाम जवळपास नाही. बसवायचे तर प्रवेशद्वारी आणि गाड्या लावतो तिथे बसवा, आणि चित्रण कोण, कधी बघणार हे आधी ठरवा.

आता तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपविषयी, कारण माझ्या मते तुमची निम्मी झोप तिथे गेली आहे. तुम्ही ज्या व्हिडिओचा उल्लेख केलाय (कुलूप तोडणारे तिघे, तोंडाला फडकी) त्यात जागा कुठली, तारीख कुठली? बहुधा दोन्ही नसणार. असा व्हिडिओ दहा जणांकडून आला की दहा घटना घडल्यासारखं वाटतं. हे नवीन नाही. अमेरिकेत १९९३ ते २०२२ या काळात पोलिसांकडे नोंदलेल्या हिंसक गुन्ह्यांचा दर जवळपास निम्म्यावर आला, तरी जवळजवळ दरवर्षी बहुसंख्य लोक पाहणीत सांगत होते की देशात गुन्हे वाढलेत. स्वतःच्या भागाबद्दल विचारलं की तेच लोक बरंच कमी घाबरलेले असायचे. आमच्या ग्रुपवर नियम केला: जागा, तारीख आणि स्वतः पाहिलं की ऐकलं, हे तिन्ही नसेल तर पोस्ट काढायची. थोडी भांडणं झाली, मग सवय लागली.

‘संशयास्पद माणूस फिरतोय’ या पोस्ट तर मला सर्वांत घातक वाटतात. फोटोतला माणूस बहुतेक वेळा सामान पोचवणारा, पत्ता शोधणारा किंवा कपड्यांवरून ‘आपल्यातला’ न वाटणारा असतो. अशा पोस्टने चोर पकडला जात नाही, एखादा निरपराध मात्र मार खातो. माणसापेक्षा कृती लिहा: कुणी दारांच्या कड्या हलवून बघत होता का?

आई आणि मुलगी. पाहण्यांमध्ये एक गोष्ट सतत दिसते: बायका आणि म्हातारी माणसं जास्त घाबरतात, रस्त्यावरच्या मारामारीचा फटका मात्र तरुण पुरुषांना जास्त बसतो. यावरून ‘बायका उगीच घाबरतात’ असं म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. मागे मागे येणं, शेरे मारणं, धक्का देऊन जाणं यांतलं बहुतेक काही कुठल्याच नोंदीत येत नाही, आणि म्हाताऱ्या माणसाचं पडून हाड मोडलं तर पुढचे कित्येक महिने त्यातच जातात. म्हणून निर्णय त्यांना विचारून घ्या. मुलीला तो रस्ता नको असेल तर दुसरा बघा. तिला एकटीने यायचं असेल तर फांदी छाटेपर्यंत सोबत करा आणि मग येऊ द्या. आईचं फिरणं मात्र आजच सुरू करा. तिच्या वयाच्या दोघी-तिघी रोज ठरलेल्या वेळी रस्त्यावर असल्या की त्या कोपऱ्यावर वर्दळ राहते, आणि ती सगळ्यांच्याच उपयोगाची.

घर बदलायचा विषय दोन-तीन महिने बाजूला ठेवा. तोवर चोरीनंतरचा जोखमीचा काळ ओसरलेला असेल. त्यानंतरही रात्री उठून तीन-तीनदा कड्या तपासत असाल तर आणखी कुलपं घेण्यापेक्षा डॉक्टरांशी बोला. आणि दार-खिडक्यांबद्दल काही विचारायचं असेल तर जरूर विचारा, फक्त त्यांचे फोटो इथे उघड टाकू नका.